स्लाईम रँचर: शेण विकून श्रीमंत व्हायचा गेम

सरळच सांगतो, हा गेम मी माझ्यासाठी घेतला नव्हता. पुतण्या दरवर्षी मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे फोंड्याला येतो, यंदा तिसरी संपवून आला, आणि आल्या दिवसापासून मोबाईलवर ते ठो-ठो बंदुकांचं चालू. जेवायला हाक मारली की "काका एकच मिनिट, आत्ता उठलो तर मरतो मी." दोन दिवस ऐकून घेतल्यावर आई म्हणाली, त्या पोराला काहीतरी बरं लावून दे बाबा, हे मरणं-मारणं भर जेवणाच्या वेळी नको. म्हणून सेलमध्ये लॅपटॉपवर स्लाईम रँचर घेतला, जेलीचे गोंडस गोळे बघून, म्हणलं यात कोण मरणार. (मरतात. पुढे सांगतो.) आता पुतण्या मडगावला परत गेलाय, शाळा सुरू झालीय, पाऊस धो धो लागलाय आणि गेम मी एकटा खेळतोय. बायको परवा विचारत होती, अजून कोणाची सुट्टी संपायची राहिलीय म्हणून.

गेम तसा नवा नाहीये. मोनोमी पार्क म्हणून कॅलिफोर्नियातला छोटा स्टुडिओ आहे, त्यांनी जानेवारी २०१६ मध्ये अर्धामुर्धा विकायला काढला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये पूर्ण केला. गोष्ट एवढीशीच. बिअ‍ॅट्रिक्स लबो नावाची मुलगी पृथ्वीपासून हजार प्रकाशवर्षं लांब, फार फार रेंज नावाच्या जागी, एक जुना मळा चालवायला घेते. आधीचा मालक हॉब्सन कुठेतरी निघून गेलाय आणि डोंगरात-गुहेत जागोजागी चिठ्ठ्या सोडून गेलाय. तिकडे स्लाईम म्हणजे डोळे आणि हसरं तोंड असलेले जेलीचे गोळे मोकाट उड्या मारत फिरतात. ते पकडायचे, आणून कोरलमध्ये म्हणजे विजेच्या भिंतींच्या गोठ्यात ठेवायचे, खायला घालायचं, खाल्लं की ते एक चकाकता खडा टाकतात त्याला प्लॉर्ट म्हणतात, तो विकायचा. पैशाला न्यूबक्स. बास. हाच गेम.

प्लॉर्ट म्हणजे नक्की काय ते गेम तोंडावर बोलत नाही, पण सावईवेऱ्याहून माझे मामा आले होते, ते पाच मिनिटं खुर्चीत बसून बघत होते आणि म्हणाले, "म्हणजे शेणच की रे." पुतण्या हसून हसून लोळला. त्यानंतर आमच्या घरात प्लॉर्टला शेणच म्हणतात, "काका, शेणाचा भाव बघ आज", आणि आई आतून ओरडते, हळू बोला रे, शेजारी ऐकतील.

मामांचं सावईवेऱ्याला कुळागर आहे, सुपारी, माड, केळी, मिरवेल, जायफळ, सगळं एकमेकांच्या सावलीत. त्यामुळे हा गेम बघताना ते जे काय बोलले ते मी अजून विसरलो नाहीये. हातात जी वस्तू घेऊन ती बाई फिरते, व्हॅकपॅक, पाठीवर टाकी आणि पुढे नळी, एका बटणाने समोरचं सगळं ओढून घेते आणि दुसऱ्याने फेकते, ती बघून मामा लगेच, "हा तर आमचा बोर्डो मारायचा पंप." खरंच तसाच आहे! फक्त कोळेरोगावर औषध मारायच्याऐवजी त्यात कोंबड्या, गाजरं, स्लाईम आणि प्लॉर्ट भरायचे. सुरुवातीला चारच कप्पे आणि एका कप्प्यात वीसच नग, एका कप्प्यात एकाच जातीचा माल. म्हणजे बाहेर पडायच्या आधी विचार करायचा, खायला काय न्यायचं, परत येताना कशाला जागा ठेवायची. हे लिहिताना फालतू वाटतंय पण खेळताना डोकं त्यातच असतं. आमच्याकडे मापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला एकच पिशवी घेऊन गेलेल्या माणसाला हे बरोबर कळेल.

खाण्याचं गणित मस्त आहे. गुलाबी स्लाईम काहीही खातो, पण त्याच्या प्लॉर्टला भाव काही नाही. टॅबी म्हणजे मांजराच्या कानांचा, तो फक्त मांस म्हणजे कोंबड्या खातो. रॉक स्लाईमला भाजी, हनी स्लाईमला फळं. गुलाबी सोडला तर बहुतेकांची एक आवडती गोष्ट, ती दिली की एकाच्या जागी दोन प्लॉर्ट. हनीची आवड मिंट मँगो, पुदिन्याचा आंबा! मानकुराद खाणाऱ्या माणसाने हे वाचून कपाळाला हात लावावा, पण ठीक आहे, त्यांचा ग्रह त्यांचा आंबा. फॉस्फर स्लाईमला क्यूबेरी लागते आणि तो काजव्यासारखा रात्रीच बाहेर येतो, ऊन लागलं की विरघळून नाहीसा होतो. पहिल्या दिवशी आम्ही आठ फॉस्फर पकडून आणले, खूष होऊन झोपलो (गेममध्ये), सकाळी उठून बघतो तर गोठा रिकामा. पुतण्याला वाटलं चोरी झाली. नंतर कळलं की वर सोलर शील्ड बसवायला लागते, नाहीतर ग्रोट्टो नावाची गुहा विकत घेऊन त्यांना तिथे ठेवायचं. हे कोणी आधी सांगत नाही, हातातलं घालवूनच शिकायचं, आणि मला ते आवडलं.

आता बाजार. मला विचाराल तर गेमचा खरा जीव इथे आहे. मळ्यावर प्लॉर्ट मार्केटचं मशीन आहे, त्यात टाकला की पैसे, आणि प्रत्येक जातीचा आजचा भाव बोर्डावर, वर-खाली बाणासकट. तुम्ही एकाच जातीचा माल ओतत राहिलात की त्याचा भाव पडतो, आणि परत चढायला दिवस जातात. म्हणजे मार्चमधल्या पहिल्या मानकुरादचं आणि मे अखेरच्या मानकुरादचं जे होतं तेच, आधी डझनाला हजारांत बोलणी, नंतर तोच आंबा टोपली घेऊन जा हो बाई. मी आपला हुशार, हनीच्या प्लॉर्टला भाव चांगला दिसला म्हणून तीन गोठे हनीचे केले, रोज शंभर-सव्वाशे प्लॉर्ट ओतले, चार दिवसांत बोर्डावर भाव असा घसरला की गुलाबी बरा म्हणायची पाळी. मामा तेव्हा चहा पीत बसले होते. त्यांनी काही शिकवणूक वगैरे दिली नाही, फक्त विचारलं, "सगळ्या गोठ्यात एकच जनावर का बांधलंस?" मी गप्प. त्या रात्री दोन गोठे मोडून एकात रॉक आणि एकात क्रिस्टल आणून ठेवले. घरात पिढ्यान्‌पिढ्या मिश्र बागायत असलेल्या माणसाला हे एका गेमकडून शिकायला लागलं, काय बोलणार.

कोंबड्यांचंही तसंच. पुतण्याने खुराडं भरून कोंबड्या आणल्या आणि अंडी-पिल्लं काही होईनात. गेममध्ये कोंबडीला हेन हेन म्हणतात, पिल्लाला चिकाडू. मामांनी लांबून बघितलं, "कोंबडा कुठे आहे?" कोंबडा नव्हताच! रूस्ट्रो म्हणून तो वेगळा पकडून आणायला लागतो. आणला, दुसऱ्या दिवशी पिल्लं. मामांचा भाव एकदम वाढला घरात, पुतण्या त्यांना प्रत्येक गोष्ट विचारायला लागला, ज्या माणसाने आयुष्यात माऊसला हात लावला नाही तो आमचा सल्लागार.

मग लार्गो. एका स्लाईमने दुसऱ्या जातीचा प्लॉर्ट गिळला की तो फुगून दोन जातींचा मिळून मोठा लार्गो होतो, एका खाण्यात दोन्ही जातींचे प्लॉर्ट देतो, अन्न दोन्ही प्रकारचं चालतं. म्हणजे तेवढ्याच गोठ्यात दुप्पट माल. हाव सुटते. आणि हाव सुटली की टार येतो, कारण लार्गोने जर तिसऱ्या जातीचा प्लॉर्ट खाल्ला तर तो टार होतो, काळा, अंगावर तेलासारखी इंद्रधनुषी झाक, दात विचकलेला, बाकीच्या स्लाईमना खातो आणि खाऊन अजून टार काढतो. आम्हा गोंयकरांना टार वेगळा समजवायला नको. पावसाच्या तोंडावर कोलवा, बाणावलीला वाळूत जे डांबरगोळे लागतात, जहाजांच्या तेलाचे, पायाला चिकटले की खोबरेल तेल चोळून चोळून निघत नाहीत, तेच हे, फक्त यांना तोंड आहे.

आमच्याकडे काय झालं ते नीट सांगतो. शनिवार रात्र, साडेनऊ, लाईट गेलेली, लॅपटॉप बॅटरीवर. मी टॅबी-गुलाबी लार्गोंचा गोठा रॉक स्लाईमच्या गोठ्याला लागून ठेवला होता, उंच भिंतीचे पैसे वाचवले होते, वर जाळी नाही, आणि कोंबड्या संपल्या तरी "जाऊन येतो पटकन" म्हणून इंडिगो क्वारी नावाच्या लांबच्या खाणीत निघून गेलो. भुकेला स्लाईम उंच उड्या मारतो हे माहीत होतं, पण वाटलं, किती वेळ लागतोय. परत आलो तर मळ्यावर रात्र, आणि रॉकच्या गोठ्यात काहीतरी काळं हलतंय. एक लार्गो भिंतीवरून पलीकडे पडला होता आणि तिकडे जमिनीवर पडलेले रॉकचे प्लॉर्ट खाऊन बसला होता. एकाचे तीन झाले होते, बघता बघता पाच. टारवर पाणी मारलं की तो विरघळतो, पण माझी पाण्याची टाकी रिकामी, तळं मळ्याच्या दुसऱ्या टोकाला. पुतण्या खुर्चीवर उभा राहून "काका पाणी! पाणी मार! पाणी!" असा ओरडतोय आणि अंधारात आई हातात खरोखरची कळशी घेऊन धावत आली, तिला वाटलं इन्व्हर्टरने पेट घेतला. तिला बघून आम्ही दोघं हसायला लागलो, तेवढ्यात एका टारने बिअ‍ॅट्रिक्सला लोळवलं, आणि ती बेशुद्ध पडली की घरात जाग येते पण पाठीवर भरलेलं सगळं जातं. क्वारीहून आणलेला सगळा माल गेला. चौदा रॉक स्लाईम गेले. आईचं म्हणणं, कळशी रिकामी केली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याने वहीत नकाशा काढला. कुठला गोठा कुठल्या गोठ्यापासून लांब हवा, कुठे उंच भिंत, कुठे वर एअर नेट, कुठे ऑटो-फीडर, कुठे प्लॉर्ट कलेक्टर म्हणजे जमिनीवर शेण पडून राहायलाच नको. बंदुकीच्या गेममध्ये हा मुलगा कधी पेन्सिल घेऊन बसला नव्हता. लोक याला कोझी गेम म्हणतात, बसा निवांत, सुशेगाद, वगैरे. रंग, गाणी, स्लाईमचे चेहरे सगळं गोड आहे हे मान्य, पण मला तो निवांत अजिबात वाटला नाही, मला तो कामाचा वाटला, सकाळी उठून आधी कोणाला घालायचं, काय पिकलंय, काय संपलंय, कुठली भिंत वाढवायची. कामच, पण ज्या कामाचं फळ संध्याकाळपर्यंत दिसतं असलं काम. वेर्ण्याच्या माझ्या ऑफिसात असलं काम अजून निघालेलं नाही.

फिरणंही छान आहे, तेही थोडं सांगायला पाहिजे. ड्राय रीफपासून सुरुवात, मग मॉस ब्लँकेट म्हणून हिरवंगार रान, इंडिगो क्वारी म्हणजे निळी खाण (आमच्या खाणी लाल, त्यांची निळी, मिनरलचे ट्रक नाहीत हे नशीब), मग जुने अवशेष, आणि शेवटी ग्लास डेझर्ट, काचेचं वाळवंट. वाटेत गॉर्डो बसलेले असतात, हलत नाहीत, डोंगराएवढे स्लाईम, त्यांना खायला घालत राहायचं, घालत राहायचं, शेवटी फुटतात आणि आतून चावी नाहीतर माल निघतो. पहिल्या गॉर्डोला पुतण्याने घरातल्या सगळ्या कोंबड्या चारल्या, फुटल्यावर एवढा दचकला की माऊस खाली पडला. हॉब्सनच्या चिठ्ठ्या मला जास्त आवडल्या. उडतं चमकणारं एच अक्षर दिसलं की तिथे चिठ्ठी, दोन-चार ओळींची, वयस्कर एकट्या माणसाने लिहिल्यासारखी. एकदम शेवटची कुठे मिळते आणि त्यात काय आहे ते सांगत नाही.

तक्रारी आहेत. पहिली, मळा एकदा मार्गी लागला, ड्रोन घेतले, सगळं आपोआप व्हायला लागलं की पैसा साचतो आणि खर्चायला काही उरत नाही. शेवटचे दहा-बारा तास मी फक्त लॅबच्या गॅजेटांसाठी ड्रिल आणि पंप लावून कुठल्या दगडातून काय निघतंय त्याची वाट बघत होतो, आणि हवं ते निघेल याची खात्री नाही, नशिबाचा खेळ. दुसरी, दोघांना एकत्र खेळता येत नाही. आम्ही माऊस एकाच्या हातात आणि कीबोर्ड दुसऱ्याच्या हातात असं खेळलो, दोनदा कड्यावरून पडलो, भांडणं झाली. तिसरी, भाषा. मराठी-हिंदी काही नाही, त्यामुळे चिठ्ठ्या मला वाचून सांगायला लागायच्या. चौथी, सगळं डोळ्यांतून बघितल्यासारखं दिसतं, जेटपॅक घेऊन उडताना आईला दोन मिनिटांत गरगरलं, ज्यांना अनमोड घाटात बस लागते त्यांनी जपून. आणि टारची ज्यांना खरंच भीती वाटेल अशी लहान पोरं असतील तर सुरुवातीला कॅज्युअल मोड निवडा, त्यात तो त्रास नाही. आम्हाला हे फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर पुतण्याने साफ नाही म्हणून सांगितलं, टार पाहिजेच.

दुसरा भागही आहे, सप्टेंबर २०२२ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये म्हणजे अर्धामुर्धा आला. तीच बिअ‍ॅट्रिक्स, रेनबो आयलंड, काचेच्या कॉन्झर्व्हेटरीत मळा. दिसायला फारच सुंदर, सशाच्या कानांचे कॉटन स्लाईम, दिवसा दगड होऊन बसणारे रिंगटेल. माझ्या जुन्या लॅपटॉपवर पंखा असा घोंघावतो की शेजारी मिक्सर चालू आहे वाटावं, त्यामुळे नीट खेळलो नाही, मित्राकडे दोन संध्याकाळी बघितला. तिथे मळा वाढवायला पैशाबरोबर रानातून साहित्य गोळा करायला लागतं, त्यामुळे भटकणं जास्त, बाजारात डोकं घालणं कमी. ज्याला फिरायचंय त्याने दुसरा घ्यावा. मला पहिलाच बरा, जुन्या लॅपटॉपवर ग्राफिक्स कमी करून सुरळीत चालतो आणि सेलमध्ये फार स्वस्त पडतो.

सध्या माझ्याकडे अकरा गोठे, एक तळं. तळ्यात चार पडल स्लाईम, ते पाण्याशिवाय काही मागत नाहीत, लाजाळू आहेत, गर्दी केली की प्लॉर्ट देत नाहीत, त्यांच्यात एक रबराचं बदक सोडलंय. ते बदक पुतण्याने स्वतःच्या हिशोबातल्या न्यूबक्समधून घेतलं होतं, त्यामुळे ते विकायचं नाही असा दम आहे.

रोज रात्री साडेआठला मडगावहून फोन येतो. आधी आजीला विचारतो जेवलीस का, मग लगेच फोन माझ्याकडे, "काका, फॉस्फरना क्यूबेरी घातलीस?" मी त्याला दहादा सांगितलं की अरे गेम बंद असला की तिकडचं घड्याळही बंद, त्यांना भूकच लागत नाही, सुट्टीत परत येशील तेव्हा आहेत तसेच असतील. त्याला पटत नाही. परवा तर विचारलंन, मग लॅपटॉप बंद केल्यावर ते अंधारात काय करतात. मी म्हणलं थांब, आणि फोन कानाला तसाच धरून लॅपटॉप चालू केला, गेम उघडला, ग्रोट्टोत गेलो, आणि त्यांच्या उड्यांचा तो बुळूक-बुळूक आवाज त्याला ऐकवला. मग क्यूबेरी घातली. मग त्याने फोन ठेवला.